कपाटातला गांजा, काकूंची पोस्ट आणि कढीपत्ता

कपाटातला_माळी
काकूंची परवाची पोस्ट वाचून दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला, नाही जमलं. मी एवढंच विचारलं होतं की 60 सेंटिमीटर रुंदीच्या जुन्या कपाटात दोन रोपं लावलीत, पानं खाली लोंबतायत, कुणाला अनुभव आहे का. त्यावर पाणी किती घालतोस एवढंही न विचारता काकूंनी थेट वेगळी पोस्ट काढली, "आईबापांनी जमीन गहाण टाकून जर्मनीला पाठवलं ते कपाटात गांजा पिकवायला का", आणि खाली माझ्याच कपाटाचा फोटो. तर पहिली गोष्ट, जमीन गहाण नाही कारण आमच्याकडे जमीनच नाही, मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वाढलो, आयुष्यात तुळशीशिवाय काही लावलं नाही आणि ती पण आईने जगवली.
1 एप्रिल 2024 पासून इथे 18 वर्षांवरच्या माणसाला घरी तीन झाडं लावता येतात, सहा महिने इथे राहत असला पाहिजे एवढंच, मी चार वर्षं स्टुटगार्टात आहे, वय 29, कपाटाला कुलूप आहे, घरात लहान मूल नाही. विजेचं म्हणाल तर 100 वॉटचा एलईडी रोज 18 तास म्हणजे महिन्याला 54 युनिट, 35 सेंटने 19 युरो. तुमच्या त्या दोन फ्रीजना जास्त जात असतील.
आणि खरं सांगू का, ओढण्यापेक्षा मला ते वाढताना बघायलाच जास्त मजा येतेय. पहिलं बी मी बुडवून मारलं, आपल्याकडे झाड म्हटलं की तांब्याभर पाणी हीच सवय ना. दुसऱ्याच्या डोक्यावर लाईट इतका खाली टांगला की कोवळी पानं कडेने करपली. आता कुंडी उचलून बघतो, हलकी लागली तरच पाणी. ऑफिसातून आलो की आधी कपाट उघडतो मग बूट काढतो. यात तुमच्या संस्कारांचं काय बिघडलं ते मला कळलेलं नाही.

म्युनिककर_काकू
चोराच्या मनात चांदणं. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. फोटो तूच टाकला होतास, मागे खुर्चीवर वाळत घातलेले मोजे पण दिसतायत.
कायदा कायदा काय लावलंयस. कायद्याने इथे 16 वर्षांच्या पोराला दुकानात बिअर मिळते म्हणून मी माझ्या मुलाला आणून दिली नाही. आणि तो कायदा तरी पूर्ण वाच. झाडं तीन चालतात पण घरात वाळलेला माल 50 ग्रॅमच चालतो, तीन झाडं नीट आली तर किती निघेल हिशोब केलायस? 60 च्या वर गेलास की नुसता दंड नाही, गुन्हा आहे तो. कुणाला द्यायचं म्हटलं तर तेही चालत नाही, फुकट सुद्धा नाही. मग काय रात्री तराजू घेऊन बसणार आणि उरलेलं जाळणार? आणि बिल्डिंगमधले लोक, वास, तो पंखा, रात्री 10 नंतर इथे लोक फ्लश करायला बिचकतात.

कपाटातला_माळी
50 च्या वरचं नष्ट करायचं, माहितीय मला. आधी बोटभराचं वीतभर तर होऊ दे. तुम्ही तर बारशाच्या आधी लग्नाचा हॉल बघताय.

तर्री_जास्त
काकूंचा प्रोफाईल फोटो कुणी झूम करून बघितला का, हातात लिटरचा मग आहे, मागे ऑक्टोबरफेस्टचा तंबू. बव्हेरियात, म्हणजे काकूंच्या म्युनिकच्याच राज्यात, 2024 पासून बिअरगार्टनमध्ये गांजा ओढायला बंदी आहे, बरोबरच आहे, तीन लिटर पिऊन बाकाखाली झोपलेल्या माणसाला धुराचा त्रास व्हायला नको.

म्युनिककर_काकू
तो मग नवऱ्याचा आहे.

तर्री_जास्त
सगळे असंच म्हणतात.

गंभीर_मुद्दा
मुळात हा वाद आपण इंग्रजांच्या चष्म्यातून करतोय. त्याच इंग्रजांनी 1893-94 मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीला हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं, कित्येक खंडांचा अहवाल आहे, निष्कर्ष काय तर बेताने घेतलं तर विशेष अपाय नाही, बंदीची गरज नाही. आपल्याकडे बंदी आली 1985 च्या एनडीपीएसने, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने, आणि त्यातही पानं आणि बिया व्याख्येबाहेर ठेवल्या, म्हणून भांग सुटली. महाशिवरात्रीला

तर्री_जास्त
आले विकिपीडिया. सर, महाराष्ट्रात भांगेलाही दारूबंदी कायदा लागतो, परवाना लागतो, नाहीतर उगाच कुणी घोटायला बसायचं. आणि वाक्य पूर्ण करा.

उंबरठा
मला गांजाशी काही देणंघेणं नाही, पण त्या कपाटातल्या लाईटखाली कढीपत्ता जगेल का? मी हानोव्हरला असते, तीन हिवाळे तीन रोपं मेली. ऑक्टोबरपर्यंत छान असतं, हीटर लागला की पानं पिवळी, मग चिकट, मग खालून कोळ्याची जाळी आणि जानेवारीत नुसती काठी उरते.

म्युनिककर_काकू
विषयाला धरून बोलूया का? मी कशासाठी चिडते ते आता सांगतेच. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, पुण्यात इंजिनिअरिंगला होता, 19 व्या वर्षी मित्रांबरोबर सुरू केलं, दीड वर्षात त्याला भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले. तीनदा अ‍ॅडमिट. आज 31 चा आहे, आईच्या हातून गोळी घेतो आणि दुपारी झोपतो. तोही सांगायचा की झाडच आहे, नैसर्गिक आहे. तेव्हा मला हसायच्या आधी हे वाचा.

कपाटातला_माळी
काकू हे वाईट झालं, मनापासून सांगतो. पण त्याला जे मिळत होतं ते कुणी कशात घोळवून दिलेलं होतं हे त्याला तरी माहीत होतं का? माझ्या कपाटात काय आहे ते मला माहितीय, माती आहे आणि मी घातलेलं जास्तीचं पाणी आहे.

म्युनिककर_काकू
म्हणजे चूक त्याचीच. वा.

कपाटातला_माळी
असं म्हणालो का मी? बरं, लहान वयात नको हे मान्य. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर अजिबातच नको, हेही मान्य. इथल्या गांजाच्या क्लबांतही 21 च्या खालच्यांना 10 टक्क्यांच्या वर टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचा, माल देत नाहीत, तो नियम मला बरोबरच वाटतो. पण मी 29 चा आहे हो.

म्युनिककर_काकू
29 म्हणजे फार मोठा झालास.

ताक_आणि_फोडणी
@उंबरठा कढीपत्त्याला आंबट ताक घाला, दर पंधरा दिवसांनी वाटीभर. माझी आजी शेवटपर्यंत घालायची, सांगलीत आमचं झाड पत्र्याच्या वर गेलं होतं.

उंबरठा
घातलं होतं. कुंडीतून असा वास सुटला की शेजारीण दार वाजवून विचारायला आली कुणाला बरं नाही का. आणि चिलटं, घरभर चिलटं.

ताक_आणि_फोडणी
पातळ करून घालायचं असतं.

चुनखडी
ताक हा शुद्ध गैरसमज आहे. सांगलीत झाड जमिनीत होतं, डोक्यावर सूर्य होता, त्याला तुम्ही ताक घाला नाहीतर घालू नका, ते वाढणारच होतं, श्रेय आजीला. इथे कुंडीतल्या दोन लिटर मातीत ताक घालणं म्हणजे नासवणं. पानं पिवळी पडण्याचं कारण इथलं चुन्याचं पाणी, किटलीचा तळ बघा एकदा, मातीत चुना साठला की झाडाला लोह उचलता येत नाही. पावसाचं पाणी घाला.

ताक_आणि_फोडणी
माझ्या आजीला मध्ये आणायचं कारण नव्हतं. आणि मग ताकातलं आम्ल त्या चुन्यावर काम करत नाही का? स्वतःच्या मुद्द्याने स्वतःच पडलात.

चुनखडी
आजी तुम्हीच आणलीत.

कपाटातला_माळी
अहो दोघेही थांबा, डिसेंबरात हानोव्हरला आठ तास पण धड उजेड नसतो, ताक घालून सूर्य येणार आहे का? झाड उजेडाअभावी झोपतं, आपण त्याला उन्हाळ्याइतकंच पाणी पाजतो आणि मुळं कुजतात. हे मी माझं बी मारून शिकलोय. उंबरठाताई, लाईट लावा, 12-14 तास, पाणी निम्म्यावर आणा, हीटरपासून लांब ठेवा.

मालवणी_माणूस
माळीबुवा, तो कोळशाचा फिल्टर असतो ना वासासाठी, तो सुक्या बोंबलांवर चालतो का? सिरियसली विचारतोय. घरमालकाने मागच्या महिन्यात चिठ्ठी लावली जिन्यात, नाव नाही घातलं पण बिल्डिंगमध्ये मासे भाजणारा मी एकटाच.

उंबरठा
बिया किंवा रोप कुठून आणायचं पण? मागच्या वेळी आई येताना मूठभर ताज्या डहाळ्या घेऊन आली, ओल्या फडक्यात, कस्टमवाल्याने पिशवी उघडून सगळ्या कचऱ्यात. तिच्या डोळ्यात पाणी आलं हो, नाशिकहून जपत आणलेल्या.

चुनखडी
14 डिसेंबर 2019 पासून युरोपियन युनियनमध्ये बाहेरून ताजी पानं, रोपं काहीही आणायचं तर रोगमुक्तीचं सरकारी सर्टिफिकेट लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन तेवढे सुटलेत. कढीपत्ता तर लिंबाच्याच कुळातला, त्यावरचा किडा लिंबू-संत्र्याची झाडं मारणारा रोग पसरवतो. आईंचं वाईट वाटलं पण कस्टमवाला चुकला नाही.

तर्री_जास्त
थांबा थांबा. म्हणजे या देशात कपाटात गांजा चालतो आणि आईने आणलेला कढीपत्ता चालत नाही?? काकू, पुढची पोस्ट यावर काढा, मी शेअर करतो.

वऱ्हाडी_गडी
मी हे सारं वाचून राह्यलो सकाळपासून. तुमची मजा चालली, चालू द्या. पण एक सांगतो. आमच्या गावात, बुलढाण्याकडं, माझ्या चुलत्याच्या शेजारच्या वावरात तुरीत गांजाची झाडं सापडली. 11 झाडं. कुणी लावली कोणाले माहीत, त्या म्हाताऱ्यानंच लावली असतील, मी काही त्याले संत म्हणत नाही, दोन वर्षं तुरीले भाव नव्हता. पोलिसांनी मुळ्या, माती, खोड सगळं धरून ओलं वजन केलं. कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, पानं-बिया त्यात नाहीत हे वर गंभीर साहेबानं सांगितलंच, पण वजन झालं झाडाचं. 23 किलो. 20 च्या वर गेलं की कमर्शियल, कमर्शियल म्हटलं की जामीन जवळपास नाहीच, अन् शिक्षा 10 वर्षांपासून सुरू.
तुम्ही कपाटात लाईट लावून छंद म्हणता, फोटो टाकता, पान काहून लोंबलं म्हणून विचारता. तुम्ही चुकीचं करता असं मी म्हणत नाही. पण "झाडच तर आहे" हे मले नका सांगू.

गंभीर_मुद्दा
तोच तर माझा मुद्दा होता, व्याख्या

वऱ्हाडी_गडी
तुमचा मुद्दा होता भांगेचा.

म्युनिककर_काकू
बघ रे माळ्या. हेच सांगत होते.

वऱ्हाडी_गडी
नाही काकू, तुम्ही हे सांगत नव्हत्या. तुम्ही संस्काराचं सांगत होत्या. त्या म्हाताऱ्याच्या संस्कारात काही कमी नव्हतं, आमच्या गावच्या दिंडीत वीणा त्याच्याकडं असे.

कपाटातला_माळी
दादा, यावर मला काही सुचत नाहीये. खरंच. भारतात येताना मी बॅग तीनदा झाडतो, कपड्यांना वास तरी लागलाय का बघतो, दुबईमार्गे येत नाही. माझी भीती तेवढीच, एका प्रवासापुरती. फोटो काढून टाकतो मी.

तर्री_जास्त
फोटो कशाला काढतोस, मोजे चांगले होते.

मालवणी_माणूस
फिल्टरचं कुणी सांगेल का.

कपाटातला_माळी
चालेल, पण स्वयंपाकघराला मोठा लागेल आणि वाफ लागली की लवकर जातो. बाल्कनीत भाजा.

मालवणी_माणूस
बाल्कनीत भाजूनच चिठ्ठी आली.

ताक_आणि_फोडणी
मी अजूनही सांगते, पातळ ताक. एकास दहा.

चुनखडी
एकास दहा म्हणजे पाणीच झालं ते. घाला मग, माझी हरकत नाही.

म्युनिककर_काकू
माळ्या, तो 100 वॉटचा लाईट कुठल्या दुकानातून घेतलास? आमच्याकडे पण एक रोप आहे, कढीपत्त्याचं. उगाच अर्थ काढू नका कुणी.

उंबरठा
@वऱ्हाडी_गडी दादा, त्या आजोबांचं पुढे काय झालं?

वऱ्हाडी_गडी
14 महिन्यांनी जामीन झाला, हायकोर्टातून. वावर तसंच पडून होतं. आता लेक पाहते, यंदा सोयाबीन पेरलं.