मिल म्हणतो हे मुलांना लागू नाही, मग मी कशाला वाचतोय?

अर्धवट१७

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. वय १७, बारावी सायन्स, लातूरला रूम करून राहतो, नीटची तयारी चालू आहे. रूमवर फक्त बटणाचा फोन चालतो, हे दादाच्या मोबाईलवरून लिहितोय, तो रविवारीच येतो त्यामुळे उत्तराला उशीर होईल.

झालं असं की दिवाळीत गावाकडं असताना जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचं 'ऑन लिबर्टी' सापडलं. १८५९ चं पुस्तक, पीडीएफ फुकट मिळते. झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली, स्पायरल मारलं आणि वर जेनेटिक्स नोट्सचं कव्हर लावलं. रूममेटनं दोनदा मागितलं, म्हटलं अजून पूर्ण नाही झालं (खोटं नव्हतं).

इंग्रजी जड आहे, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. पण त्यात तो म्हणतो की दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसावर जबरदस्ती करायचा कुणालाच हक्क नाही, 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणूनसुद्धा नाही. अंगावर काटा आला, कारण तुझ्याच भल्यासाठी हे मी आठवीपासून रोज ऐकतोय. आणि लगेच पुढच्याच परिच्छेदात तो म्हणतो हे फक्त वयात आलेल्या माणसांसाठी, मुलांना लागू नाही!! म्हणजे पंगतीत बसलो, पान वाढलं, आणि कोणीतरी येऊन म्हणालं ऊठ रे, ही पंगत मोठ्यांची आहे. वर आणखी म्हणतो की मागासलेल्या समाजांनाही लागू नाही, त्यात तेव्हा आपणच येत असणार, म्हणजे मी दोनदा उठलो.

मार्चमध्ये मला १८ पूर्ण होतील. त्या रात्री बारा वाजता माझ्या डोक्यात असं काय बदलणार आहे? दुसरं म्हणजे मला खरंच तत्त्वज्ञान आवडतं का फिजिक्सपासून पळायला जागा पाहिजे हेच मला कळत नाही. आणि तिसरं, पप्पांनी यंदाचे सोयाबीनचे सगळे पैसे फीला घातले. दुसऱ्याच्या पैशावर राहून स्वातंत्र्य मागता येतं का?

चहाबाज

फिजिक्सचा रोटेशनल मोशनचा चॅप्टर चालू असेल, बरोबर? आम्हालापण तेव्हाच जीवनाचा अर्थ सुचायचा. टेस्ट झाली की जायचा.

नदीकाठ

चहाबाज, प्रत्येक धाग्यावर यायलाच पाहिजे का.

अर्धवट, मी पुण्यात फिलॉसॉफीत एमए केलंय, मिलवर पेपर होता म्हणून सांगते. ज्या माणसानं तुला पंगतीतून उठवलं त्याचं बालपण बघ एकदा. बापानं, म्हणजे जेम्स मिलनं, त्याला शाळेत घातलंच नाही, तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बरोबरीच्या पोरांत खेळायला बंदी. कोचिंग क्लास घरातच! आणि बरोब्बर तुझ्या वयाला, १८२३ मध्ये, बापानं त्याला स्वतःच्याच ऑफिसात चिकटवलं. ऑफिस कुठलं, तर ईस्ट इंडिया कंपनी. १८५८ पर्यंत तो तिथे होता, लंडनमध्ये बसून आपल्याकडच्या संस्थानांची पत्रं लिहायचा, म्हणजे ते 'मागासलेले समाज' त्याच्या रोजच्या टेबलावरच होते. त्या ओळीवरून त्याच्यावर आजही टीका होते, तुला खटकलं ते बरोबरच खटकलं.

पण मला त्याची विसाव्या वर्षाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आत्मचरित्रात लिहिलंय त्यानं. एक दिवस स्वतःला विचारलं, तुला जे जे घडवून आणायचंय ते सगळं आत्ता या क्षणी झालं तर तू सुखी होशील का? आतून उत्तर आलं, नाही. त्यानंतर कित्येक महिने तो कामं यंत्रासारखी करत राहिला, आत काहीच नाही. मग एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना बापाच्या मृत्यूचा प्रसंग आला आणि त्याला रडू फुटलं, तेव्हा त्याला कळलं की आपण अजून दगड झालेलो नाही. पुढे वर्ड्स्वर्थच्या कवितांनी सावरला. तूपण तो प्रश्न विचारून बघ, रँक आली, एमबीबीएस मिळालं, मग? उत्तर हो आलं तरी चालेल हां, काहींचं खरंच हो येतं.

खानदेशी_मास्तर

पोरा, छान लिहिलंस. मी अमळनेरकडचा, आमच्या गावात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था निघाली, सानेगुरुजीही काही काळ तिथे होते, त्यामुळे हा विषय म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले असं मला कधी वाटलं नाही.

मिल वाचतोस तर समाजसुधारक आगरकर वाच. मिल आणि स्पेन्सर (तोही इंग्रज तत्त्वज्ञ) पचवलेला आपला माणूस. वार लावून (रोज वेगळ्या घरी जेवून), हालअपेष्टा काढून शिकला आणि एमएच्या सुमारास आईला पत्र लिहिलं की आता मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा करू नकोस. विचार कर, ती माउली काय म्हणाली असेल. पुढे त्याच्या जिवंतपणी पुण्यात त्याची प्रेतयात्रा काढली लोकांनी. १८९५ ला गेला, चाळिशीसुद्धा गाठली नाही.

आणि आपल्या गीतेतही बघ. सतरा अध्याय समजावून सांगितल्यावर अठराव्यात कृष्ण म्हणतो 'यथेच्छसि तथा कुरु', नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर. स्वातंत्र्य आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही.

चहाबाज

मास्तर, तो ६३ वा श्लोक. ६६ व्यात लगेच 'मामेकं शरणं व्रज' आहे. म्हणजे आपले पप्पाच की, तुझं तू ठरव बाबा, आमचं काही म्हणणं नाही, पण फॉर्म मात्र नीटचाच भर.

खानदेशी_मास्तर

😄 हे मात्र मान्य करावं लागेल.

दोन_लेकरांची_आई

मी एरवी फक्त वाचते, आज राहवलं नाही. माझी मुलगी मागच्या वर्षी अशाच रूमवर होती. तुम्ही सगळे मिल आणि आगरकर सांगताय, त्या सोयाबीनच्या पैशाचं कुणी बोललंच नाही. आगरकर वार लावून जेवले, त्यांच्या आईनं फी भरली नव्हती ना लाखात.

बाळा, पैसे घेतलेस म्हणून तुझं डोकं विकलं गेलं असं नाही. पण पैसे घेताना जे सांगितलं ते आणि आता जे चाललंय ते वेगळं असेल तर ते सांगायला लागतं. माझ्या लेकीनं सांगितलं नाही, मार्क खोटे सांगत राहिली, मेमध्ये सगळं एकदम बाहेर आलं. ती नापास झाली याचं मला एवढं काही वाटलं नाही, वर्षभर ती एकटीच ते घेऊन बसली होती आणि मी रविवारी डबा पोचवून खुशाल परत येत होते, हे लागलं. ते जेनेटिक्सचं कव्हर आधी काढ.

नदीकाठ

ताई 🙏. यात एक जोडते. सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९४५ च्या पॅरिसच्या भाषणात एका विद्यार्थ्याचा किस्सा सांगितलाय. भाऊ जर्मनांशी लढताना मेलेला, आई एकटी, तिच्याजवळ राहू का लढायला जाऊ असं विचारत आला. सार्त्र म्हणाला तू मोकळा आहेस, निवड. पण त्यातली खरी गोम वेगळीच आहे, तो म्हणतो सल्ला कुणाला विचारायचा हे ठरवलं तिथेच अर्धी निवड झालेली असते. अर्धवट, तू क्लासच्या सरांना विचारलं नाहीस, इथे विचारलंस.

दोन_लेकरांची_आई

पुस्तकात ठीक आहे. माझ्या मते तो सगळीकडेच विचारत असेल, इथे उत्तर मिळालं एवढंच.

अर्धवट१७

दोन रविवारांनी आलो, सॉरी. सगळं दोनदा वाचलं. सार्त्रचं वाचून आधी राग आला मग हसू आलं. मावशी, तुमचं बरोबर आहे, मी सरांनापण विचारलं होतं, ते म्हणाले मेनंतर बोलू.

मिलचा प्रश्न विचारून बघितला. एमबीबीएस मिळालं तर सुखी होईन का याला 'माहीत नाही' आलं, पण पप्पांना फोन करून सांगतोय हे डोळ्यासमोर आलं तेव्हा बरं वाटलं. आता ते सुख माझं का त्यांचं हे कळेना.

कव्हर काढलं. रूममेटनं पहिली चार पानं वाचून परत दिलं. पप्पांना फोनवर सांगितलं की अभ्यासाशिवाय एक पुस्तक वाचतोय, बीएला फिलॉसॉफी असते तेही सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग विचारलं त्या पुस्तकात काय आहे. मी सांगायला लागलो आणि तेवढ्यात त्यांची मोटर चालू झाली, लाईट दोनच तास असते, म्हणाले गावाकडं आल्यावर सांग नीट.

चहाबाज

'सांग नीट' म्हणाले का 'सांग, नीट'?

बाय द वे रोटेशनल मोशनच्या माझ्या जुन्या नोट्स आहेत, पाहिजे असतील तर सांग, कव्हर तुझं तू लाव.