नाताळची बिस्किटं: कुणी काय करायचं?

ताई: आई, नाताळच्या सुट्टीत चारही नातवंडं तुझ्याकडे आहेत. स्वयंपाकघरात दरवर्षी सगळे मिळून करतील असं काहीतरी ठरवू या ना.

आई: माझ्या मनात कधीचं आहे! जिंजरब्रेडची, म्हणजे सुंठ-मसाल्यांची, बिस्किटं करू. पण एकच पदार्थ, आणि दरवर्षी तोच. पाच पदार्थांचा घाट घातला की मुलं कंटाळतात आणि आपण वैतागतो.

वहिनी: पीठ मळेपर्यंत धाकटी पळून जाईल हो, आई.

आई: म्हणून पीठ मी आदल्या रात्रीच मळून फ्रीजमध्ये ठेवणार. सुंठ, दालचिनी, लवंग तेव्हाच घालायची. गार पीठ लाटायला सोपं जातं आणि ओव्हनमध्ये आकारही फारसा पसरत नाही. मुलांच्या वाट्याला लाटणं, साच्यांनी तारे कापणं आणि सजावट. धाकटी साचा दाबेल, मधल्या दोघी आयसिंगची साखर मोजतील. मोठा कृती मोठ्याने वाचेल आणि घड्याळावर लक्ष ठेवेल: १८० अंशांवर १० ते १२ मिनिटं. काढताना मऊ लागली तरी पुन्हा आत घालायची नाहीत, गार झाली की कडक होतात. धाकटी मोठी झाली की मोजायचं काम तिचं. मुलं अशा बढतीची वाट बघतात गं!

दादा: कच्चं पीठ चाखल्याशिवाय राहणार नाहीत ती.

आई: ते अजिबात नाही. अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यात ई. कोलायसारखे जंतू असू शकतात. चाखायला मनुकांची वाटी वेगळी ठेवू. अख्खे बदाम-अक्रोड नकोत, पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. आयसिंगही पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचंच.

मावशी: इंग्लंडमध्ये ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या काळाच्या, आधीच्या रविवारी 'स्टर-अप संडे' असतो. नाताळच्या पुडिंगचं मिश्रण घरातला प्रत्येक जण मनात इच्छा धरून ढवळतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे. आपणही करू या का?

आई: किती छान! पीठ तर आधीच मळलेलं असेल, पण आयसिंगचं भांडं फिरवू. आधी धाकटी, शेवटी मी.

वहिनी: कृती मी मोठ्या अक्षरांत लिहून देते, मोठ्याला वाचताना अडखळायला नको.

ताई: साचे माझ्याकडे. ओव्हन?

आई: ओव्हनला हात फक्त मोठ्यांनी लावायचा.