१९११ पिस्तूल: हॅमर चढवून बाळगायचं की उतरवून?

ह्यूस्टनकर: .४५ एसीपीचं १९११ घेतलंय, सिरीज ७० पद्धतीचं. कमरेला लावताना हॅमर मागे चढलेला दिसला की धडकी भरते. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या कप्प्यात) गोळी ठेवून घोडा अलगद उतरवला तर चालेल का? की चेंबर रिकामंच बरं?

चापबंद: आधी शब्द ठरवू. आपल्याकडे ‘घोडा’ कुणी हॅमरला म्हणतं, कुणी ट्रिगरला. या विषयात तो घोळ महागात पडेल, म्हणून हॅमर (मागून आदळून बार करणारा तुकडा) आणि चाप (बोटाने ओढायचा ट्रिगर) असंच लिहितो.

गोळी चेंबरमध्ये, हॅमर पूर्ण चढलेला, अंगठ्याची सेफ्टी वर, म्हणजे लावलेली: ही ‘कंडिशन वन’. दिसायला भीतिदायक, पण सेफ्टी वर असताना सिअर (चढलेला हॅमर धरून ठेवणारा आतला तुकडा) अडलेला असतो. शिवाय मुठीच्या मागची ग्रिप सेफ्टी मुठीत दाबली जात नाही तोवर चाप मागे जात नाही.

खरा धोका तुम्ही म्हणताय त्या उतरवण्यात आहे. १९११ला डीकॉकर (हॅमर सुरक्षित उतरवणारा खटका) नाही. जिवंत काडतुसावर चाप ओढायचा आणि सुटलेला हॅमर अंगठ्याने सावरायचा! घामाने अंगठा निसटला की बार झालाच. हाफ-कॉकची, म्हणजे अर्ध्यावरची खाच निसटलेला हॅमर अडवायला आहे, त्या खाचेवर पिस्तूल बाळगायचं नसतं.

कातडी_म्यान: होल्स्टरवर कंजुषी नको. चाप पूर्ण झाकणारं कायडेक्स (कडक प्लास्टिक) किंवा जाड चामडं घ्या. मऊ चामड्याचं तोंड आत दुमडतं आणि चापाच्या कडीत शिरतं. आत सरकवताना सेफ्टी वर, बोट फ्रेमवर सरळ, अंगठा हॅमरच्या मागे. अंगठा तिथे असला की तळव्याचा दाब ग्रिप सेफ्टीवरून निघतो. शर्ट बाजूला करून, बघून ठेवा. दोन्ही बाजूंना खटका असलेली सेफ्टी पोटाला घासून खाली येते. संध्याकाळी ती खाली सापडली तर होल्स्टर बदला.

तेलपाणी: सेफ्टी तपासूनच घ्या. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीनेही चाचपा. हॅमर चढवा, सेफ्टी वर करा, मूठ घट्ट धरून चाप जोरात ओढा आणि सोडा. आता चापाला न शिवता सेफ्टी खाली. हॅमर पडला तर पिस्तूल थेट कारागिराकडे. नाही पडला तर कान लावून हॅमर अंगठ्याने किंचित मागे ओढा. बारीक ‘टिक्’ आलं म्हणजे सिअर हलला होता, सेफ्टी नीट बसवलेली नाही. शेवटी सेफ्टी खालीच ठेवून, ग्रिप सेफ्टी न दाबता चाप ओढा. हॅमर हलता कामा नये.

सिरीज ७० मध्ये फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई) अडवणारा तुकडा नसतो, तो कोल्टने १९८३ मध्ये सिरीज ८० बरोबर आणला. पिस्तूल नळीच्या तोंडावर आपटलं तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे धावू शकते. तिची स्प्रिंग थकू देऊ नका.

ह्यूस्टनकर: आणि चेंबर रिकामं?

चापबंद: सवय होईपर्यंत खुशाल. फक्त वेळेला स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायला दोन हात लागतात. रोज तीच गोळी भरू-काढू नका. चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर (रॅम्पवर) आपटून पुढचं शिसं काडतुसाच्या पितळी नळकांड्यात मागे दबतं आणि बार होताना दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा. आखूड दिसलं तर वापरू नका.