मदत हवी आहे: अर्धवेळ स्पीच थेरपीचे वेळापत्रक कसे बसवावे?

नमस्कार. मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ असून काही महिन्यांपासून आठवड्यातून 2 दिवस काम करते. कागदावर माझे तास निम्म्याहून कमी झाले असले, तरी सत्रांच्या नोंदी, मूल्यमापनाचे अहवाल आणि पालकांचे फोन हे सारे घरी येऊनच उरकावे लागते, आणि तो वेळ कुणी हिशेबात धरत नाही.

खरी अडचण मात्र उपचारातील सातत्याची आहे. ‘काका’ला ‘टाटा’ म्हणणारे एक मूल माझ्याकडे येते. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकवून सुटा ‘क’ म्हणणे त्याला आता जमते, पण शब्दात शिरताच त्याचा पुन्हा ‘ट’ होतो. अशा वेळी थोड्या थोड्या अंतराने सराव हवा असतो, आणि त्याचा ठरलेला वार सुट्टीत गेला की मध्ये पंधरवडा उलटतो. घरी खेळायला 5 मिनिटांचा खेळ लिहून देते. तो कधी होतो, कधी राहून जातो. गिळण्याचा त्रास असलेले रुग्ण मी घेणेच थांबवले आहे, कारण अन्नपाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका माझ्या कामाच्या वाराची वाट पाहत नाही.

ज्यांनी असे अर्धवेळ काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: लागोपाठचे दिवस घ्यावेत की मध्ये अंतर ठेवावे? अहवालांचे तास करारात कसे मांडावेत? आणि ऐन वेळी रद्द झालेल्या सत्राचे शुल्क आपण घेता का? मला तरी ते मागायला अजून जीभ रेटत नाही.