आयसीयूत शुगर १८० पर्यंत का चालवून घेतात

वर एका ताईंनी लिहिलंय की आयसीयूत वडिलांची शुगर १७० असूनही डॉक्टर निवांत होते, हा त्यांना हलगर्जीपणा वाटला. ताई, तुमची काळजी समजते, पण तो आकडा बऱ्याच अनुभवाअंती ठरलाय.

२००१ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेनला एक अभ्यास झाला. शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत असलेल्यांची साखर इन्सुलिनने ८० ते ११० मध्ये ठेवली, तर मृत्यू कमी झालेले दिसले. ही पद्धत जगभर पसरली. मग २००९ मध्ये सहा हजारांहून जास्त रुग्णांची 'नाइस-शुगर' चाचणी आली आणि उलटंच दिसलं. कडक नियंत्रणाच्या गटातले २७.५ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले, १८० पर्यंत मुभा असलेल्या गटातले २४.९ टक्के. साखर ४० किंवा त्याखाली घसरण्याचं प्रमाण ६.८ विरुद्ध ०.५ टक्के! साखर फार घसरली की घाम फुटतो, थरथरतं, पण गुंगीतल्या माणसाला हे सांगताच येत नाही हो. म्हणून आता बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० हेच लक्ष्य धरतात.

मला जास्त धास्ती वाटते ती सिरिंजची. आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही ताकदींत मिळतं. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन खुणेप्रमाणे भरलं, तर अडीचपट डोस जातो. मेडिकलमधून सामान बऱ्याचदा नातेवाईकच आणतात. तेव्हा बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय ना, हे सिस्टरना दाखवून खात्री करून घ्या.