टाळेबंदीतली बालवाडीची शिकवणी आणि पालक: तुमचे अनुभव लिहा

सोलापुरात अशोक चौकाच्या मागं, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी छोट्या-मोठ्या गटाची शिकवणी घेते. मार्च २०२० मध्ये सतरा पोरं होती. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून सगळा देश बंद. पाट्या माझ्याकडंच राहिल्या. "आठ-दहा दिवसांत उघडेल," असं मी प्रत्येक आईला सांगितलं होतं, त्याची चुटपुट अजून आहे.

जूनमध्ये व्हिडिओवर शिकवून बघितलं. चार वर्षांचं पोर फोनसमोर किती बसणार? एक जण पलंगाखाली गेला, दुसरी तोंड फिरवून रडायला लागली. जुलैमध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि तेवढा वेळही पालकांशी बोलण्यासाठी, असं त्यात होतं. म्हणजे आता आयांनाच शिकवायचं होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोन मिनिटं बोलून आवाज पाठवायला लागले. आमच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, म्हणून एकदा मराठीत, एकदा तेलुगूत. शेंगा सोलताना दहा-दहाचे ढीग करायला लावा, भाकरी गोल की चौकोनी ते विचारा, एवढंच. तिसऱ्या दिवशी एका आईचा फोन आला. "टीचर, हे बरं केलंत. लिहिलेलं मला वाचता येत नाही." दोन वर्षं मी तिच्या हातात चिठ्ठ्या देत होते आणि ती मान हलवून घरी नेत होती.

तुम्ही त्या काळात काय केलंत? शिकवणाऱ्यांनी लिहा, आई-वडिलांनी तर नक्कीच लिहा.

एक आई, कुंभारी

मी बिड्या वळते. सांगते तसं माझी पुतणी लिहून देतेय. घरात फोन एकच, तोही मालकांकडं. ते रात्री घरी आले की जेवणं झाल्यावर टीचरचा आवाज लावायचो. पोरगी ताटावरून उठून फोनला कान लावायची. सकाळी सूप मांडीवर घेऊन बसले की तीही शेजारी. तंबाखूला हात लावू द्यायचे नाही, पानं मोज म्हणायचे. एकोणीसनंतर तिचं अडायचं. वीस कसं म्हणायचं ते तिला मी शिकवलं. मी दुसरीतून शाळा सोडलेली.

वडील, होटगी रोड

मी रागावलेला पालक होतो, तेही नोंदवतो. टॉवेलचा कारखाना बंद, पगार नाही आणि मुलाच्या शाळेकडून दर आठवड्याला फीचा मेसेज. मुलगा जेवतो का, झोपतो का, कुणी विचारलं नाही. मी ग्रुप सोडला. पुढच्या वर्षी गल्लीतल्या एका ताईंकडं घातला. त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?" त्यांची फी मी दोन हप्त्यांत दिली, एक रुपया न ठेवता.

बालवर्गाची शिक्षिका, विजापूर रोड

वरच्या अनुभवातले फीचे मेसेज आमच्यासारख्यांनाच पाठवायला लावायचे. ऑगस्टपर्यंत अर्धा पगार मिळाला, पुढं तोही थांबला. आमच्या मावशींना तर एप्रिलपासूनच काही मिळालं नव्हतं. पालकांना वाटायचं, फी आम्ही खातोय.

पण मला दुसरंच सांगायचंय. एप्रिल २०२१, दुसरी लाट. मी नेहमीसारखं सकाळी ग्रुपवर फुलांचं चित्र आणि 'आज लाल रंग ओळखूया' असं पाठवलं. दहा मिनिटांनी एका आईनं खाली लिहिलं, "याचे पप्पा रात्री गेले." मी चित्र काढून टाकलं, पण सगळ्यांनी बघितलेलं होतं. त्या घरी फोन करायला मला दोन दिवस लागले. केला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फोन मुलाकडं दिला. तो म्हणाला, "मिस, लाल रंगाचं आमच्याकडं काहीच नाही." मी म्हटलं, मग आज रंग नको, तू काय खाल्लंस ते सांग.

त्यानंतर सकाळी ग्रुपवर काही टाकायचं मी बंद केलं. आधी चार-पाच घरी फोन, मग धडा. आजही तसंच करते.

पहिलीला शिकवणाऱ्या बाई, बाळे

त्या वर्षांतली मुलं आमच्याकडं आली तेव्हा अक्षरांचं फार अडलं नाही. रांगेत उभं राहणं, दुसऱ्याची पेन्सिल मागून घेणं, आई गेल्यावर न रडणं, हे राहून गेलं होतं. पालकांनी ते घरी शिकवायचं तरी कसं? घरात दुसरं मूलच नव्हतं.

आजी, जुळे सोलापूर

२४ जानेवारी २०२२ पासून राज्यात बालवर्गही उघडायला परवानगी मिळाली. आमच्याकडं थोडं उशिरा सुरू झालं. नातू पाच वर्षांचा, शाळेचं दार पहिल्यांदा बघत होता. दारात त्याच्या टीचर मास्क लावून उभ्या. हा माझ्या पदरामागं. त्या वाकल्या आणि रोज फोनवर म्हणायच्या तसं म्हणाल्या, "झाली का न्याहारी?" त्यानं पदर सोडला नाही, पण मान काढून सांगितलं, "झाली. चटणी-भाकरी."