मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात लीन वेव्हरवर (बांधकामाच्या मालमत्तेवरचा थकबाकीचा हक्क सोडल्याच्या कागदावर) सही करताना वादातल्या जादा कामाची नोंद कशी करावी?

कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिकलचं काम सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून चालू आहे. प्रोग्रेस पेमेंटच्या चेकआधीच मुख्य कंत्राटदार अनकंडिशनल (बिनशर्त) वेव्हर मागतोय. त्याला नकार द्यायचा हे पक्कं, कारण पैसे मिळालेले नसले तरी ती सही बांधून ठेवते, असा इशारा त्या फॉर्मवरच छापलेला असतो. चेक वटेपर्यंत सिव्हिल कोड ८१३२ चा कंडिशनल (पैसे मिळाले तरच लागू होणारा) फॉर्मच द्यायचा आणि पैसे जमा झाल्यावर ८१३४ चा अनकंडिशनल. अंतिम बिलाला त्याच क्रमाने ८१३६ आणि ८१३८.

अडचण पुढे आहे. ८१३२ मध्ये रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) आणि पैसे न मिळालेलं जादा काम आपोआप वगळलेलं आहे. पण साइटवर तोंडी सांगून करून घेतलेलं, चेंज ऑर्डरवर (कामातल्या बदलाच्या लेखी आदेशावर) सही न झालेलं काम ‘मूळ कंत्राटातलंच’ असल्याचं कंत्राटदार म्हणतो. तसं ठरलं तर ‘थ्रू डेट’पर्यंतच्या (वेव्हर ज्या तारखेपर्यंतच्या कामाला लागू होतो, तिथपर्यंतच्या) त्या कामाचा लीनचा हक्क जाईल.

म्हणून विचारतोय:

अपवादांच्या जागी काम, तारीख आणि रक्कम लिहिली तर फॉर्म कायद्यातल्या नमुन्याला धरूनच राहतो ना? की थ्रू डेट त्या कामाच्या आधीची टाकणं जास्त सुरक्षित?

चेक सप्लायरच्या नावासह जॉइंट असेल, तर फॉर्मवरच्या ‘पेएबल टू’मध्ये (चेक कुणाच्या नावे) दोन्ही नावं लिहिता का?

कंत्राटदार नोटरीही मागतोय. माझ्या माहितीत इथे ती लागत नाही. टेक्सासमध्येही २०२२ पासूनच्या मूळ कंत्राटांना ती अट उरलेली नाही.

प्रिलिमिनरी नोटीस (लीनचा हक्क राखण्यासाठीची सुरुवातीची सूचना) काम सुरू केल्यापासून २० दिवसांच्या आत दिलेली आहे. अशा वादात प्रत्यक्ष वापरलेला मजकूर कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका.